महारेणूंचा तराजू



बाजारातील वजनकाट्यावर शासनाची मुद्रा का असावी लागते, हे ग्रामपंचायतीच्या प्रत्येक सदस्यास ठाऊक असते. दुकानातील वजन वैधमापन निरीक्षक आपल्याजवळच्या प्रमाणित वजनाशी ताडून पाहतो आणि त्याचे वजनही अधिक वरच्या दर्जाच्या वजनाशी ताडले जाते. ही साखळी अखंड असते म्हणूनच लातूरचा किलो आणि लंडनचा किलो एकच असतो.

रोगनिदानाच्या क्षेत्रातही अशीच साखळी आवश्यक असते, याची जाणीव मात्र सर्वत्र आढळत नाही. रक्तातील साखरेचे गेल्या दोनतीन महिन्यांतील सरासरी प्रमाण दर्शविणारी ‘एचबीएवनसी’ ही तपासणी आज असंख्य प्रयोगशाळांतून केली जाते. तिचा आकडा ६.५ टक्के अथवा त्याहून अधिक आला की मधुमेहाचे निदान होते आणि बहुधा जन्मभराचा औषधोपचार सुरू होतो. या तपासणीच्या प्रारंभीच्या काळात निरनिराळ्या पद्धतींनी येणारे आकडे परस्परांशी जुळत नसत. एकाच रुग्णास एका प्रयोगशाळेने रोगी ठरवावे आणि दुसरीने निरोगी, असा प्रसंग संभवत होता. हा गोंधळ नाहीसा करण्यासाठी जी आंतरराष्ट्रीय संदर्भपद्धती निश्चित झाली, तिच्या गाभ्याशी रेणूंचे वजन करणारे एक यंत्र आहे. मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजेच द्रव्यमान वर्णपटमापक, हे त्याचे नाव. प्रथिनांसारखे प्रचंड रेणू तोलण्याचे सामर्थ्य या यंत्रास एकाएकी लाभलेले नाही. त्यासाठी अनेक देशांतील संशोधकांना आणि यंत्रकारांना कित्येक दशके खपावे लागले.

तराजूचे तत्त्व

रेणू पारड्यात ठेवता येत नाही. त्याचे वजन करावयाचे तर त्याला पळवावे लागते. रेणूवर विद्युत भार चढविला म्हणजे त्याचा आयन होतो. असे आयन निर्वात नळीतून सोडून त्यांच्यावर विद्युत क्षेत्राचा किंवा चुंबकीय क्षेत्राचा प्रभाव पाडला, तर हलके आयन अधिक वळतात आणि जड आयन कमी वळतात. किती वळण घेतले यावरून आयनाचे वजन काढता येते. एक गोष्ट मात्र ध्यानी ठेवावयास हवी. या यंत्रात नुसते वजन कळत नाही. वजनाला विद्युत भाराने भागून येणारे गुणोत्तर कळते.

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांनी १९१३ साली याच मार्गाने निऑन वायूचे २० आणि २२ वजनांचे दोन प्रकार वेगळे करून दाखविले. त्यांचे सहकारी फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी १९१९ साली अधिक अचूक उपकरण बनविले आणि पुढे निसर्गात आढळणाऱ्या २८७ समस्थानिकांपैकी २१२ शोधून काढले. १९२२ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देऊन त्यांचा गौरव करण्यात आला. पुढील अर्धशतकात या यंत्राचा उपयोग अणुशक्ती, खनिज तेल आणि औषधनिर्मिती या क्षेत्रांत झपाट्याने वाढला. जीवशास्त्राच्या दारात मात्र ते अडखळले.

अडचण कोठे होती?

रेणूला पळवावयाचे तर तो प्रथम वायुरूप व्हावा लागतो. कापूर उघडा ठेवला की आपोआप उडून जातो, कारण त्याचे रेणू लहान असतात. याउलट अंड्याचा पांढरा भाग तव्यावर टाकला असता तो थिजतो आणि करपतो. त्यातील प्रथिनांची वाफ काही होत नाही. कार्बनच्या अणूच्या वजनाचा बारावा भाग म्हणजे एक डाल्टन, हे माप धरले तर पाण्याचा रेणू १८ डाल्टनचा आणि द्राक्षशर्करेचा १८० डाल्टनचा भरतो. हिमोग्लोबिनचा रेणू सुमारे ६४,५०० डाल्टनचा आहे आणि रोगप्रतिकारक प्रतिपिंडाचा सुमारे दीड लाख डाल्टनचा. असा महारेणू तापविला की त्याचे तुकडे होतात. घड्याळाचे वजन करण्यासाठी ते आधी फोडावे लागावे, तसाच हा प्रकार होता.

हे वजन अचूक कळणे किती महत्त्वाचे आहे, हे सिकलसेल या रोगाच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. विदर्भातील गडचिरोली-चंद्रपूर परिसरात तसेच नंदुरबार जिल्ह्यात या आनुवंशिक रोगाने अनेक कुटुंबांना ग्रासले आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा शृंखलेत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी केवळ सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि रुग्णाच्या वाट्यास असह्य वेदना येतात. या एका बदलाने शृंखलेचे वजन १५,८६७ डाल्टनवरून १५,८३७ डाल्टनवर येते. फरक अवघा ३० डाल्टनचा, म्हणजे सुमारे पाचशे भागांत एक भाग. प्रथिनांचे वजन काढण्याच्या जुन्या जेल-पद्धतीत शेकड्यास पाच भागांची चूक सहज होत असे. त्या तराजूवर हा फरक दिसणे शक्यच नव्हते.

विद्युत्-फवाऱ्याची युक्ती

महारेणूला न तापविता हवेत कसे न्यावे, या प्रश्नाचे एक उत्तर रंगकामातून मिळाले. विजेच्या साहाय्याने मोटारींवर रंग फवारण्याची पद्धत पाहून अमेरिकेतील माल्कम डोल यांना वाटले की, रेणूंचे द्रावणही असेच फवारता येईल. १९६८ साली त्यांनी तसे प्रयोग प्रसिद्ध केले. परंतु त्यांतून निर्विवाद निष्कर्ष निघू शकला नाही. येल विद्यापीठातील जॉन फेन यांनी हे काम पुढे नेले. १९८४ साली त्यांनी मासामिची यामाशिता यांच्यासमवेत विद्युत्-फवाऱ्याची आपली पद्धत मांडली. त्याच वर्षी लेनिनग्राड येथील एका गटानेही स्वतंत्रपणे तसेच यश मिळविले.

या पद्धतीत प्रथिनाचे द्रावण केसासारख्या बारीक नळीतून सोडतात आणि नळीच्या टोकाला काही हजार व्होल्टचा दाब देतात. टोकातून विद्युत भारित थेंबांचा सूक्ष्म फवारा उडतो. थेंबातील पाणी सुकत जाते आणि थेंब लहान होतो. त्यावरील भार मात्र कायम राहतो. एका मर्यादेपलीकडे सजातीय भारांचे परस्परांना दूर लोटण्याचे बल पृष्ठताणावर मात करते आणि थेंब फुटतो. असे वारंवार होत अखेरीस उघडा, अखंड आणि भारित महारेणू उरतो.

या पद्धतीचा खरा लाभ त्यापुढचाच होता. फेन यांच्याजवळील यंत्र १,५०० च्या पलीकडील गुणोत्तर मोजू शकत नव्हते. तथापि फवाऱ्यातून निघणाऱ्या प्रथिनावर एक नव्हे, तर अनेक भार चढलेले असतात. वर सांगितलेल्या बीटा शृंखलेवर १५ भार असतील तर यंत्रास सुमारे १,०५९ हा आकडा दिसतो आणि १६ भार असतील तर सुमारे ९९३. लगतच्या दोन आकड्यांची तुलना केली की भार किती हे कळते, आणि भार कळला की वजन कळते. अनेक आकड्यांवरून एकच वजन पुनःपुन्हा काढता येत असल्यामुळे चूक दहा हजारांत एका भागापर्यंत खाली आली. जुन्याच यंत्राची क्षमता अशा रीतीने अनेक पटींनी वाढली. १९८८ साली फेन यांनी प्रथिनांवरील हे निष्कर्ष मांडले, तेव्हा त्यांनी वयाची सत्तरी ओलांडली होती. आपल्या नोबेल व्याख्यानाच्या शीर्षकात त्यांनी महारेणूंना हत्तींची उपमा दिली आणि विद्युत्-फवाऱ्यास त्यांचे पंख म्हटले.

क्योटो येथील कारखान्यातील प्रयोग

दुसरे उत्तर जपानमधून आले. क्योटो येथील शिमाद्झू या उपकरणे बनविणाऱ्या कंपनीत कोइची तानाका हे तरुण अभियंते १९८३ साली रुजू झाले. त्यांचे शिक्षण विद्युत अभियांत्रिकीचे होते, रसायनशास्त्राचे नव्हे. लेसर किरणांनी रेणू उडविण्याचे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले. लेसरची उष्णता सरळ प्रथिनावर पडली तर ते मोडते, म्हणून ती शोषून घेणारे एखादे आधारद्रव्य त्यांस हवे होते. १९८५ साली कोबाल्टची अतिसूक्ष्म भुकटी कालविताना त्यांनी अ‍ॅसिटोनऐवजी चुकून ग्लिसरीन ओतले. भुकटी महाग होती. ती टाकून न देता त्यांनी तेच मिश्रण यंत्रात ठेवले, आणि ग्लिसरीन लवकर सुकावे म्हणून लेसरचा मारा चालूच ठेवून निरीक्षण केले. त्या वेळी तपासणीस घेतलेल्या बी-१२ जीवनसत्त्वाचा अखंड रेणू नोंदपटावर उमटला.

या घटनेस केवळ योगायोग म्हणणे अन्यायाचे होईल. जड आयन मंद गतीने येत असल्यामुळे नेहमीच्या शोधकास ते जाणवत नसत. तानाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधकात सुधारणा केली. त्यामुळे १९८७ साली ३४,००० डाल्टनहून अधिक वजनाचे प्रथिनही त्यांना अखंड मोजता आले. जर्मनीत मिखाएल कारास आणि फ्रांझ हिलेनकांप हेही याच दिशेने वाटचाल करीत होते. लेसर शोषणाऱ्या स्फटिकरूप सेंद्रिय द्रव्यात प्रथिन मिसळण्याची त्यांची पद्धत अधिक संवेदनक्षम ठरली. आज ‘माल्डी’ या नावाने जगभर रूढ आहे ती त्यांचीच पद्धत होय. २००२ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग फेन आणि तानाका यांना विभागून मिळाला, तर उरलेला अर्धा भाग चुंबकीय अनुस्पंदनावरील कार्यासाठी कुर्ट व्यूथ्रिख यांना देण्यात आला. तानाका तेव्हा ४३ वर्षांचे होते आणि त्यांच्याजवळ डॉक्टरेट पदवी नव्हती.

काटा अधिक अचूक झाला

रेणू हवेत गेला. परंतु काटा ढोबळ असेल तर त्याचा उपयोग मर्यादितच राहतो. लेसरने उडविलेले आयन बहुधा उड्डाणकाल-पद्धतीने मोजतात. सर्व आयनांना सारखाच धक्का देऊन लांब नळीतून धावू द्यावयाचे आणि कोण केव्हा पोचतो हे पाहावयाचे. हलके आयन आधी पोचतात आणि जड आयन मागाहून येतात. यात एक दोष होता. सारख्याच वजनाच्या दोन आयनांपैकी एखादा प्रारंभीच किंचित वेगवान असला तर तो आधी पोचे आणि वजनात खोटा फरक दाखवी. १९७३ साली सोव्हिएट शास्त्रज्ञ बोरिस मामिरिन यांनी नळीच्या शेवटी विद्युत आरसा बसवून यावर तोडगा काढला. टेकडीच्या चढावर धावत जाऊन परत यावयाचे असेल तर वेगवान धावपटू अधिक उंच चढतो आणि त्याची वाट लांबते. तद्वतच वेगवान आयन आरशात अधिक खोल जाऊन वळतो, आणि सारख्या वजनाचे आयन शेवटी एकाच वेळी पोचतात.

याहून अधिक अचूकता आयनास धावू न देता फिरत ठेवण्याने साधली. १९७४ साली कॅनडात मेल्विन कोमिसारो आणि अ‍ॅलन मार्शल यांनी प्रबळ चुंबकीय क्षेत्रात आयन घुमवून त्यांच्या फेऱ्यांच्या वारंवारतेवरून वजन काढण्याची पद्धत सिद्ध केली. तिच्यासाठी अतिशीत चुंबक लागतो आणि तो सांभाळणे खर्चाचे असते. अलेक्झांडर माकारोव्ह यांनी चुंबकाशिवायच हे साधले. चातीच्या आकाराच्या धातूच्या दांड्याभोवती आयन गिरक्या घेतात आणि त्याच वेळी दांड्याच्या लांबीवर मागेपुढे झुलतात. जितका आयन जड तितका झोका मंद. २००० साली माकारोव्ह यांनी ही रचना सविस्तर प्रसिद्ध केली आणि २००५ पासून ‘ऑर्बिट्रॅप’ या नावाने तिची यंत्रे विक्रीस आली. अशा यंत्रांत दहा लाखांत काही थोड्या भागांइतकीच चूक राहते.

एकटा रेणू नव्हे, समूह

पेशीमध्ये प्रथिने एकेकटी वावरत नाहीत. त्यांचे समूह बनतात आणि बहुतेक कामे हे समूहच करतात. समूहाला बांधून ठेवणारे बंध मात्र दुबळे असतात. ते न तोडता समूह तोलण्याच्या कामी इंग्लंडच्या कॅरोल रॉबिन्सन यांचा वाटा फार मोठा आहे. सोळाव्या वर्षी शाळा सोडून त्या एका औषध कंपनीत प्रयोगशाळा-सहायक म्हणून लागल्या. नोकरी सांभाळून शिक्षण पुरे केले, केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली, मुलांच्या संगोपनासाठी आठ वर्षे संशोधनापासून दूर राहिल्या आणि पुन्हा परतल्या. पुढे केंब्रिज आणि ऑक्सफर्ड या दोन्ही विद्यापीठांत रसायनशास्त्राच्या पहिल्या महिला प्राध्यापक होण्याचा मान त्यांना लाभला.

त्यांच्या गटाने यंत्रात केलेल्या सुधारणा वरकरणी साध्या वाटतात. निर्वात यंत्राच्या पहिल्या कप्प्यांत वायूचा दाब थोडा वाढविण्यात आला. त्यामुळे जड आयन वायूच्या रेणूंशी हलके टकरून शांत होतात आणि भरकटत नाहीत. आयन गाळून घेणाऱ्या चतुर्ध्रुव दांड्यांची विद्युत वारंवारता कमी करण्यात आली. त्यामुळे फार मोठे समूहही त्यांतून पार होऊ लागले. प्रथिने तयार करणारा रायबोसोम हा वीस लाखांहून अधिक डाल्टनचा समूह या मार्गाने तोलता आला. तेलकट पेशीपटलात रुतलेल्या प्रथिनांचे समूहही २००८ पासून या यंत्राच्या कक्षेत आले. अनेक औषधे याच प्रथिनांवर कार्य करीत असल्यामुळे या यशाचे मोल विशेष आहे.

त्याही पुढची पायरी विषाणूंची होय. विषाणूंचे कण इतके मोठे आणि परस्परांहून इतके किंचित भिन्न असतात की, लगतच्या आकड्यांची तुलना करून भार काढण्याची फेन यांची रीत तेथे चालत नाही. म्हणून अमेरिकेत मार्टिन जॅरोल्ड यांनी एकेका कणाचा भार स्वतंत्रपणे मोजण्याची पद्धत विकसित केली. जनुकीय उपचारासाठी ज्या लहान विषाणूंच्या कवचात औषधी जनुक भरतात, त्यांचे रिकामे कवच सुमारे ३७ लाख डाल्टनचे असते आणि भरलेले ५० लाखांच्या आसपास जाते. रिकामी कवचे टोचली तर रुग्णास गुण येत नाही. पोती भरलेली आहेत की रिकामी, हे तोलूनच पाहावे लागते; येथेही तसेच आहे.

रुग्णाच्या खाटेपर्यंत

ही यंत्रे केवळ संशोधकांच्या कुतूहलासाठी आहेत, असे मानणे योग्य होणार नाही. नवजात बालकाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताचा एक ठिपका कागदावर वाळवून अनेक जन्मजात चयापचय-विकार एकाच चाचणीत ओळखण्याची सोय विद्युत्-फवाऱ्यावर चालणाऱ्या जोड-मास स्पेक्ट्रोमीटरने अनेक देशांत उपलब्ध करून दिली. तेथे मोजले जाणारे रेणू लहान असतात. परंतु त्याच ठिपक्यातील हिमोग्लोबिनचे तुकडे तोलून सिकलसेल ओळखण्याची पद्धतही ब्रिटनमध्ये वापरात आली. रुग्णालयांत माल्डी यंत्रावर जिवाणूंच्या वसाहतीचा कण ठेवला की त्यातील प्रथिनांच्या वजनांवरून जिवाणूची ओळख काही मिनिटांत पटते. वसाहत वाढविण्यास लागणारा वेळ वाचत नाही. ओळख पटविण्यास लागणारा दिवसाहून अधिक काळ मात्र वाचतो. रक्तात जंतुसंसर्ग पसरलेल्या रुग्णास योग्य प्रतिजैविक एक दिवस आधी मिळणे म्हणजे काय, हे त्याचे आप्तच जाणतात.

मधुमेहाच्या तपासणीची संदर्भपद्धतीही आता सहज समजेल. हिमोग्लोबिनच्या बीटा शृंखलेच्या टोकाची सहा अमिनो आम्ले विकराने कापून वेगळी करतात. ज्या तुकड्यास साखर चिकटलेली असते तो १६२ डाल्टनने जड भरतो. जड तुकडे किती आणि हलके किती, हे मास स्पेक्ट्रोमीटरने मोजणे हा या पद्धतीच्या दोन मान्य मार्गांपैकी एक होय. जगातील मोजक्याच प्रयोगशाळा हे काम करतात. त्यांच्या मापाशी साध्या यंत्रांची मापे जुळवून घेतली जातात.

मोठे यंत्र आणि गावातील चाचणी यांचे नाते असे आहे. सिकलसेलच्या प्राथमिक तपासणीसाठी गावोगावी मास स्पेक्ट्रोमीटर नेण्याची आवश्यकता नाही. तेथे विद्राव्यता चाचणी पुरते आणि संशयित नमुन्यांची खात्री इलेक्ट्रोफोरेसिस वा एचपीएलसी या पद्धतींनी करता येते. परंतु साध्या चाचणीवर विश्वास ठेवावयाचा तर तिच्यामागे कोठेतरी अचूक तराजू असावा लागतो.

आपल्याकडील स्थिती

तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने समस्थानिकांच्या मोजणीसाठी मास स्पेक्ट्रोमीटर देशातच बनविले, ही अभिमानाची बाब आहे. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्रथिनांचा अभ्यास या यंत्रांच्या साहाय्याने चालतो. तथापि महारेणूंसाठी लागणारी यंत्रे बव्हंशी परदेशी बनावटीची आहेत. अशी यंत्रे खरेदी करणे हे कामाचे एक अंग झाले. त्यांचे अंशन वेळच्या वेळी करणे, निर्वात पंप सांभाळणे, विजेचा पुरवठा स्थिर राखणे आणि जाणकार तंत्रज्ञ टिकवून ठेवणे हे दुसरे अंग होय. अंदाजपत्रकात पहिल्यासाठी तरतूद होते आणि दुसरे विसरले जाते, तेव्हा तराजू असूनही माप मिळत नाही. ही गोष्ट ग्रामीण रुग्णालयातील रक्त-तपासणी यंत्रासही तितकीच लागू आहे.

या कथेतील एक तपशील शिक्षकांनी आवर्जून ध्यानी घ्यावा असा आहे. तानाका ज्या कंपनीत काम करीत होते, तिचा आरंभ १८७५ साली क्योटो येथे झाला, तो शाळांसाठी पदार्थविज्ञानाची उपकरणे बनविणारा एक लहानसा कारखाना म्हणून. आज आपल्या शाळांतील प्रयोगशाळेच्या कपाटात तराजू असतो. अनेकदा त्यास कुलूपही असते. ते उघडून विद्यार्थ्यांच्या हाती तराजू द्यावा, वजन खरे की खोटे हे त्यांना स्वतः पडताळून पाहू द्यावे, मोडलेले उपकरण दुरुस्त करण्याची संधी द्यावी. शाळेसाठी साधी साधने घडविणाऱ्या त्या कारखान्यातच एकशे बारा वर्षांनी महारेणूंचा तराजू सिद्ध झाला.